साठाला एक कमी

बस गं इशिता. खुर्च्या परवाच गेल्या. नेपरव्हिलमधल्या अर्ध्या मराठी घरांत आता माझी एकेक खुर्ची आहे. त्या पुस्तकांच्या खोक्यावर बस, मोडत नाही ते. चहा कागदी कपात मिळेल. आणि वरचा लाईट लावायला जाऊ नकोस, बल्ब काढून पॅक केलाय. तू ज्या लॅम्पसाठी आलीस ना, तेवढाच उजेड उरलाय घरात. तो घेऊन गेलीस की मी अंधारात बसेन, त्याचं काही नाही. उद्या दुपारी माझं विमान आहे.

मूव्हिंग सेलच्या ग्रुपवर तुझं नाव वाचलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं. मघाशी तू दारात बूट काढता काढता सांगितलंस, नवीन जॉब, पंपांच्या व्हायब्रेशनचं काम, सोमवारीच जॉइन झालेय, उद्या पहिल्यांदा साइटवर पाठवतायत, जोलिएटच्या पलीकडे, भंगार गाड्यांच्या कारखान्यात. तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. कप गरम नव्हता. बाई, तू माझ्या जागेवर आली आहेस.

म्हणून लॅम्प उचलायच्या आधी ऐकून घे. तुला घाबरवायला सांगत नाहीये. मी नागपूरची आहे, मला गोल गोल बोलता येत नाही. मधेमधे माझा आवाज चढेल, पण तो तुझ्यावर नाही.

त्या कारखान्यात जुन्या गाड्या प्रेसमध्ये घालून दाबतात आणि त्यांचे ठोकळे करतात. प्रेसला ताकद देतात दोन पंप, एक नंबर आणि दोन नंबर. प्रत्येकात नऊ पिस्टन गोल मांडलेले. ते फिरतात, फिरता फिरता आत-बाहेर होतात आणि तेल दाबतात. तेलाला इतका दाब असतो की सुईएवढ्या भोकातून निघालेली धार हाताच्या आरपार जाते. पंप आतून झिजला की त्याची थरथर बदलते. आपलं काम ती थरथर वाचायचं. मी त्या पंपाचं मॉडेल कंप्युटरवर बांधलं होतं, अमुक एक भाग झिजला तर थरथर अशी दिसेल, तमुक झिजला तर तशी. दोन वर्षं खपले होते त्यावर. मला त्याचा भारी गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आणि तिथे होते विनयकाका. मूळचे सांगलीकडचे, चाळीस वर्षांपूर्वी इकडे आलेले, अडुसष्टाव्या वर्षीही रिटायर व्हायला तयार नाहीत. पंपरूम त्यांची. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता त्यांच्याकडे. त्याचं टोक पंपाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मी पहिल्यांदा सेन्सर घेऊन गेले तेव्हा म्हणाले, ही तुझी यंत्रं राहू देत, आधी कान लाव. मग मला ऐकायला लावायचे आणि विचारायचे, काय वाजतंय? मी बरोबर सांगितलं की नुसतं "हं" म्हणायचे. शाबासकी नाही, काही नाही. तेवढ्या "हं"साठी मी जोलिएटपर्यंत आनंदाने ड्राइव्ह करायचे.

तोंडात सतत लवंग. कुलपावर खिळ्याने कोरलेलं "वि". तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेल, मशिनला हात लावायच्या आधी प्रत्येकाने मेन स्विचवर आपलं स्वतःचं लाल कुलूप लावायचं. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. चार माणसं काम करत असतील तर चार कुलपं. सगळी सारखीच दिसतात, म्हणून काकांनी आपल्यावर मराठी अक्षर कोरलं होतं. इथे दुसरं कोण वाचणार ते?

त्यांची आणखी एक सवय. इंग्रजी फाडफाड बोलायचे, पण आपल्या माणसाशी आकडे मराठीत. म्हणायचे, शिव्या आणि आकडे आईच्याच भाषेत नीट बसतात.

तर झालं असं. नोव्हेंबरात दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम होती, मी त्या दिवशी लवकर निघाले. काकांचा ऑफिसात फोन आला तो नीनाने घेतला. नीना आपली ज्युनियर, जन्म इथलाच. पोरगी गुणाची. थालीपीठ माझ्यापेक्षा छान थापते, मराठी बोलते, पण अडखळली की इंग्रजीत शिरते. तिने माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. पंप नंबर दोन, ठोका लागलाय, ६९ ला बघा, काका म्हणाले. म्हणजे सेकंदाला एकोणसत्तर वेळा काहीतरी थरथरतंय. दुसऱ्या दिवशी मी दोन नंबरचं रीडिंग उघडलं. ६९ ला काही नाही, सपाट. आजूबाजूला बघितलं, तिथेही काही नाही. मनात म्हटलं, काकांचं वय झालं. "नॉर्मल" लिहिलं, सही केली.

फोन उलटा केला नाही. एक फोन गं. दोन मिनिटं लागली असती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन नंबर फुटला. कवच तडकलं, गरम तेलाचा फवारा उडाला आणि पेटला. काका समोर उभे होते. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये वारले. मी पोचले तेव्हा त्यांची बायको, लताकाकू, बाकावर बसल्या होत्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यात काकांचा चष्मा, घड्याळ, ते कुलूप आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या. कुलूप त्यांच्या पट्ट्याला लटकवलेलं असायचं. काकूंनी नंतर ते देवाजवळ ठेवलं.

जानेवारीत आपल्या शंतनूने मला बोलावलं. तुझाही तोच बॉस, त्याचं गोड बोलणं तू ऐकलं असशीलच. म्हणाला, जाऊन एक नंबरचं रीडिंग घे आणि या कागदावर सही कर. कागदावर दोनच वाक्यं. पंपांवर नियमित देखरेख होती आणि सर्व नॉर्मल होतं. अपघात ऑपरेटरने दाब परस्पर वाढवल्यामुळे झाला. मी विचारलं, काकांनी दाब वाढवला हे कुणी पाहिलं? तो म्हणाला, दुसरं काही कारण तुझ्या डेटात सापडलं का? नव्हतंच सापडलं.

सव्वाचारला पोचले. बर्फ पडत होता, जानेवारीतला उजेड साडेचारलाच आटोपतो. काकांचा कामावरचा जोडीदार हेक्टर मला पंपरूमच्या दारापर्यंत घेऊन आला. वीस वर्षं दोघांनी एका डब्यात खाल्लं होतं. अपघातापासून बंद ठेवलेला एक नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरू करायचा होता आणि काकांच्या जागी तोच उभा राहणार होता. पण त्या दिवशी तो आत आला नाही. मी इथे केबिनमध्ये थांबतो म्हणाला आणि माझ्याकडे न बघताच गेला.

आत जळक्या तेलाचा वास होता. घशात बसणारा, कडू. दोन नंबरचा चौथरा रिकामा, नुसते चार बोल्ट वर आलेले. भिंतीवर देशी किराणा दुकानाचं कॅलेंडर अर्धं जळून डिसेंबरवरच थांबलेलं. त्याच्या बाजूच्या खिळ्याला काकांचा स्क्रूड्रायव्हर, मूठ एका अंगाने काळी. छपराच्या काचेवर बर्फ साचला होता, त्यामुळे वरून येणारा उजेडही राखाडी झाला होता. मी आधी स्विचवर माझं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग एक नंबरवर सेन्सर चिकटवला, लॅपटॉप मांडीवर घेतला.

आधी बंद पंपाचं रीडिंग घ्यायचं असतं, तुला माहितीये. बंद असला तरी साठवर एक सुळका दिसतो. तो पंपाचा नाही, विजेचा. या देशात वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते आणि ट्यूबलाईटची ती गुणगुण सेन्सर ऐकतो. नेहमीच्या रिपोर्टात आपलं सॉफ्टवेअर साठ आणि त्याच्या आजूबाजूचं आपोआप पुसून टाकतं. बंद पंपाच्या रीडिंगमध्ये मात्र पुसत नाही. त्या दिवशी सुळका जरा जास्तच जाड वाटला. म्हटलं, लाईटच घालवू. कपाळाला बॅटरी बांधली आणि पंपरूमचा मुख्य ब्रेकर खाली केला.

सगळं थांबलं. ट्यूब, पंखा, हीटर. नुसता बर्फाचा आवाज, तो तर नसतोच म्हण ना.

स्क्रीनवर साठचा सुळका खाली बसला. त्याच्या मागे एक रेघ उभी होती. बारीक, सरळ. ती बसली नाही.

सेन्सर बिघडला असेल म्हणून दुसरा लावला. रेघ तिथेच. सेन्सर भिंतीच्या लोखंडी पट्टीला लावला, काही नाही. चौथऱ्याला लावला, काही नाही. पंपावर परत ठेवला, रेघ उभी. हात लावून बघितलं तर पंप बर्फासारखा गार, जराही हलत नव्हता. वीज नाही, तेल नाही, स्विचवर माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. फिरणार काय, डोंबल?

मी उठले. खिळ्यावरून स्क्रूड्रायव्हर काढला. टोक पंपाला टेकवलं, मूठ कानामागे लावली. काळी बाजू गालाला लागली.

आत घुमत होतं. खोल, खरखरीत, अखंड. मी ऐकत राहिले आणि ते हळू व्हायला लागलं. कुणीतरी आपल्याला समजेना म्हणून सावकाश बोलून दाखवावं तसं. घुमणं सुटं झालं. ठोके वेगळे ऐकू यायला लागले. दोन ठोके, मग विसावा... दोन ठोके, मग विसावा... एका फेऱ्याला दोन. स्क्रीनवरची रेघ मात्र जागची हलली नव्हती.

आणि जळक्या तेलाच्या वासातून लवंगेचा वास आला.

इशिता, मी घाबरले, ते मी नाकारत नाही. पण मला भीतीपेक्षा राग आला. दीड महिना मी झोपले नव्हते. त्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायचा कागद माझ्या बॅगेत होता आणि आता तो माणूस मला कोड्यात घालत होता. मी त्या काळोखात मोठ्याने बोलले.

"काका, मला घाबरवू नका. काय ते सरळ सांगा."

ठोके थांबले. मग परत सुरू झाले, आणखी सावकाश. दोन... दोन... दोन...

रीडिंग घेताना मी काकांना स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवायचे, नेहमीची सवय. कर्सर त्या रेघेवर नेला. आकडा आला. काकांसाठी वाचायचा तसा वाचला, मराठीत.

"एकोणसाठ."

रेघ कोसळली. स्क्रीन सपाट. स्क्रूड्रायव्हरमधला आवाज मधेच तुटला. आणि माझ्या कानाशी, त्या लाकडाच्या पलीकडून, कुणीतरी म्हणालं, "हं."

मग मात्र मी पळाले. लॅपटॉप उराशी धरून, स्क्रूड्रायव्हर हातातच. केबिनचं दार धाडकन लोटून आत शिरले. हेक्टरने माझा चेहरा पाहिला. हळूच एवढंच म्हणाला, की त्यालाही आठवडाभर ऐकू येतंय, पंप बंद असतानासुद्धा, पण त्याला भाषा कळत नाही. मी खुर्चीत बसून नीनाला फोन लावला.

"नीना, नोव्हेंबरात काकांचा फोन तू घेतला होतास. काय म्हणाले, त्यांच्या शब्दांत सांग."

"आय टोल्ड यू. सिक्स्टी-नाईन."

"मराठीत, नीना. ते मराठीत काय म्हणाले?"

"एकोणसाठ," ती म्हणाली. "साठ इज सिक्स्टी. एकोणीस नाईन्टीन असतं ना, सो एकोण इज नाईन. सिक्स्टी-नाईन... राईट?"

ती मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, सुमेधाताई, राईट? मग तिच्या आवाजात पाणी आलं. मी तिला सांगितलं की तू रडू नकोस, हे माझ्यावर आहे. चिठ्ठी वाचून माणसाला फोन करायचा असतो, तो मी केला नाही.

आता बघ, एकोण म्हणजे एक उणा. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. जागा कुठली ते त्या शब्दातच सांगून ठेवलंय, साठच्या अगदी शेजारी, साठच्या आड. पंप मिनिटाला सतराशे सत्तर फेरे घेतो, एका फेऱ्याला दोन ठोके, हिशेब कर, बरोबर एकोणसाठ. आतल्या जवळपास समोरासमोरच्या दोन पिस्टनांच्या टोकांना बसवलेल्या वाट्या सैल झाल्या की असंच होतं. माझ्या मॉडेलमध्येसुद्धा ते होतं. पण आपलं सॉफ्टवेअर साठ पुसताना एकोणसाठही पुसत होतं. माझं दोन वर्षांचं मॉडेल आणि काकांचा फोनवरचा एक शब्द, दोन्ही आम्ही मातीत घातलं.

हेक्टरच्या टेबलावर मी ते पुसणं बंद करून जुनी रीडिंग काढली. दोन नंबरला ऑक्टोबरपासून ती रेघ होती, आठवड्यागणिक वाढत गेलेली. स्फोटाच्या आदल्या दिवशी ती साठच्या सुळक्याएवढी उंच होती. मग एक नंबर उघडला, बंद करायच्या आधीच्या आठवड्यातला. तिथेही रेघ उगवलेली होती. बोटभर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हेक्टर त्याच्यासमोर उभा राहणार होता. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि तुटक्याफुटक्या शब्दांत समजावलं. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली.

मी शंतनूला फोन केला. कारखान्याचा मॅनेजरही त्याच्याबरोबर लाईनवर होता. सगळं सांगितलं. ठोक्यांचं नाही, रेघेचं, आकड्याचं, चिठ्ठीचं. मॅनेजर म्हणाला की हे नंतर बघू, आधी सही पाठवा. तो लाईनवरून गेल्यावर शंतनू मराठीत आला.

"सुमेधा, यार, तू स्वतःच्याच सहीवर पाय देतेयस. जॉब गेला तर व्हिसाचं काय, विचार केलायस?"

"केलाय. काकांनी दाब वाढवला नव्हता. त्यांनी आपल्याला सांगितलं होतं आणि आपण चुकीचं ऐकलं. मी तसंच लिहिणार आहे."

त्याने पुढे बरंच काही सांगितलं, कंपनी, तिच्यावर चालणारी पंधरा घरं, माझं ग्रीन कार्ड कुठवर आलंय ते. मी ऐकून घेतलं. मग सांगितलं की स्विचवर माझं कुलूप आहे, किल्ली माझ्याजवळ आहे, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं हा नियम तूच मला शिकवलास. मी काढणार नाही. फोन ठेवला, कागदाचे चार तुकडे केले, हेक्टरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. बर्फातून घरी यायला दोन तास लागले. शेजारच्या सीटवर स्क्रूड्रायव्हर होता. मी सगळी वाट त्याच्याकडे बघितलं नाही, पण लवंगेचा वास येत होता आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं.

त्याच रात्री मी सगळं लिहून सरकारच्या सुरक्षा खात्याला पाठवलं. माझी चूक माझ्या नावानिशी. दुसऱ्या दिवशी लताकाकूंकडे गेले. वाटलं होतं, दारातून हाकलतील. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, मान खाली घालून. त्यांनी रिकामा पेला उचलून ठेवला. मग म्हणाल्या,

"मी त्यांना म्हणत होते, पंप बंद करा. तर म्हणाले, सुमेधाला कळवलंय, ती बघेल. तिचा फोन येईपर्यंत चालू दे."

बाई गं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. काका माझ्या फोनची वाट बघत होते. ते वाक्य मी जन्मभर बरोबर घेऊन फिरणार आहे. पण काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, तू खरं लिहिलंस, आता त्यांचं नाव पुसू देऊ नकोस कुणाला. तेवढं मी कबूल केलंय. नागपूरला बसूनही करेन.

नोकरी त्याच आठवड्यात गेली, ते तुला दिसतंच आहे. नोकरी गेली की आपल्याला साठ दिवस मिळतात, दुसरी शोधा नाहीतर देश सोडा. व्हायब्रेशनच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, मला कुणी दारात उभं केलं नाही. आज कितवा दिवस आहे, मी सांगायला नको. आकडा तुला मराठीत येतो ना? हो, तोच.

आता उरलेलं ऐक, कारण उद्या तुझी पाळी आहे.

मी निघून आल्यावर दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या लोकांनी माझं कुलूप कापलं. स्विच वर करायला गेले तर त्याच्याच मागे आणखी एक कुलूप. लाल, आपल्यासारखंच. हेक्टरने मला फोटो पाठवला, हे बघ फोनमध्ये. झूम कर. खिळ्याने कोरलंय. "वि". मी तिथल्या तिथे काकूंना फोन केला, काकू, काकांचं कुलूप बघा हो देवाजवळ. त्या बघून आल्या. म्हणाल्या, आहे की, इथेच आहे.

तेही कापलं. सकाळी पुन्हा तिथे. तेही कापलं. पुन्हा. हेक्टर ती कापलेली कुलपं बादलीत टाकतो, सगळ्यांवर तेच अक्षर, तोच वळसा. मॅनेजरला वाटतं हेक्टरच करतोय, म्हणून त्याची पाळी बदलली, तरी थांबलं नाही. मग पुढे कुणाची हिंमत झाली नाही. आता सरकारी माणूस येऊन बघायच्या आत त्यांना कुणाची तरी ताजी सही हवी आहे, एक नंबर ठीक आहे म्हणून. आणि काकांच्या माथी मारायला तोच कागद परत छापलाय. उद्या तुझ्यापुढे ठेवतील. गोड बोलतील, कॉफी देतील, व्हिसाची आठवण काढतील. मी इथून फक्त सांगू शकते. ते पुसणं बंद करून बघ. एकोणसाठला बघ.

विश्वास नाही ना बसत? नको बसू देऊ. तुझ्या जागी मीही लॅम्प उचलून गेले असते. मला भुताचं काही सिद्ध करायचं नाहीये, मला फक्त त्या माणसाच्या नावावर शाई सांडू द्यायची नाहीये.

थांब, एक विचारू? तुला साइटचं किट दिलंय का? हेल्मेट, गॉगल, कुलूप? बॅगेतच आहे? बघू जरा. हं, तसंच अजून, प्लॅस्टिक सीलबंद, कंपनीचं स्टिकर. तूच फोड, माझ्या हातून नको.

लॅम्प इकडे सरकव. अजून जवळ.

दिसलं?

धर नीट. पुसून बघितलंस? जाणार नाही ते, कोरलेलं आहे. पाकिटात किल्ली शोधतेयस होय... नसणार. दोन्ही किल्ल्या काकूंकडे आहेत, चष्म्याच्या पिशवीत.

हे घे, हा स्क्रूड्रायव्हरही ने. लॅम्पबरोबर. उद्या आत गेलीस की आधी कान लाव, मग स्विचवर ते कुलूप लाव आणि कागदावर सही न करता निघून ये. काढायची चिंता तू करू नकोस.